दिवा मालवायचा इतिहास

बल्ब कोणी शोधला असं कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, एडिसनचं नाव ते झोपेतही सांगेल. जरा जास्त वाचणारं असेल तर जोसेफ स्वानचंही सांगेल. आता त्याच पोराला विचारा, की बल्बचं बटण कोणी शोधलं? पोराचं सोडा हो, मी हा प्रश्न जेवणाच्या सुट्टीत आमच्या टीममधल्या सात इंजिनिअरांना टाकला. त्यातले दोघं चक्क इलेक्ट्रिकलचे. सगळे एकमेकांच्या डब्यात बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, "त्यात शोधायचंय काय? दोन वायरी चिकटवल्या की लागला, सोडवल्या की गेला!"

आजचा लेख या वाक्याच्या उत्तरार्धावर आहे. चिकटवल्या की लागतो, हे कबूल. पण सोडवल्या की जातो, हे दिसतं तितकं सरळ नाही. किंबहुना घरगुती विजेच्या सुरुवातीच्या वर्षांत दिवा लावण्यापेक्षा तो बिनधोक घालवणं हे जास्त कटकटीचं काम होतं. आपल्या भाषेला हे आधीपासूनच माहीत असावं. लावायला आपल्याकडे 'लावणे' आणि 'पेटवणे' एवढ्यावर भागतं, पण उलट्या कामाला बघा : दिवा मालवतात, विझवतात, घालवतात, शांत करतात, बंद करतात. आणि वर आज्जीचा दम असतोच, की समईला फुंकर मारायची नाही, फुलानं शांत करायची. लावण्याचे नियम कमी, मालवण्याचे जास्त.

मी या भानगडीत पडलो त्याचं कारण आमचं स्वयंपाकघर. साधी फ्लॅटमधली रचना आहे. ट्यूबलाइट मागच्या भिंतीवर, ओटा समोरच्या. त्यामुळे आई ओट्याशी उभी राहिली, की तिची सावली नेमकी चिरायच्या फळीवर पडते. म्हणजे ती रोज स्वतःच्याच अंधारात भाजी चिरते. तिशीत हे चालून जातं. सत्तरीला टेकल्यावर आणि एका डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागल्यावर नाही चालत. दोनदा बोटाला सुरी लागली, तेव्हा वरच्या कपाटांच्या खालून एलईडीची पट्टी लावायचं ठरलं. बारा व्होल्टची, दोन मीटर. पट्टी लावणं अर्ध्या तासाचं काम. मागे चिकटपट्टी असते, कागद सोलायचा आणि दाबायचं. पण त्या पट्टीला बटण नसतं. ते कुठे बसवायचं, यावर मात्र घरात तीन आठवडे चर्चासत्र चाललं. आईची अट एकच होती : "ओल्या हातानं लावता आणि घालवता आलं पाहिजे. दर वेळी पदराला हात पुसत बसणार नाही मी."

ही अट ऐकायला साधी आहे. पण तिच्यात सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास लपलेला आहे. तर चला, आधी इंग्लंडला.

इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंड परगण्यात क्रॅगसाइड नावाचा एक वाडा आहे. मालक विल्यम आर्मस्ट्राँग, तोफा आणि जलशक्तीवर चालणाऱ्या क्रेन बनवणारे कारखानदार. गावच्या टेकडीवर तळी बांधून, त्या पाण्यावर जनित्र चालवून, या गृहस्थांनी १८८० साली घरात स्वानचे बल्ब लावले. स्वान त्यांच्या ओळखीचे, दोघंही न्यूकॅसलचे. पाण्याच्या विजेवर इतके दिवे लागलेलं हे जगातलं पहिलं घर मानतात. आता गंमत अशी, की बल्ब होता, वीज होती, पण बटण म्हणावं असं काही बाजारात नव्हतं. मग त्यांच्या वाचनालयातले दिवे कसे मालवायचे? तिथे तांब्याच्या, वरून मीनाकारी केलेल्या सुरया होत्या, आणि प्रत्येकीवर बल्ब बसवलेला. सुरईचं बूड ठेवायचं ते पाऱ्यानं भरलेल्या वाटीत. पारा हा धातू, त्यातून वीज वाहते. सुरई वाटीत ठेवली, की वर्तुळ पूर्ण होऊन दिवा लागणार. उचलली की गेला! म्हणजे रात्री पुस्तक मिटून झोपायला जाताना साहेब फुलदाणी उचलून बाजूला ठेवत असणार. आज ऐकायला मजा वाटते. पण उघडा पारा, उघडं तांबं, हातात सुरई... आईच्या अटीत बसणारं प्रकरण नव्हे.

सर्वसामान्यांच्या घरात मात्र या सुरया जाणार नव्हत्या. तिथे तेव्हा गॅसचे दिवे होते, आणि गॅसच्या दिव्याला चावी असते, आपल्या शेगडीला असते तशी. त्यामुळे विजेचे पहिले खटकेसुद्धा फिरवायच्या चावीसारखे निघाले. लोकांच्या बोटांना तीच सवय होती ना! अमेरिकन हॉटेलांत तर खोलीत पाटी लावायचे, की बाबांनो, हा विजेचा दिवा आहे, याला काडी लावायला जाऊ नका, दाराजवळची चावी फिरवा. नवीन तंत्रज्ञान जुन्याचे कपडे घालून येतं, हे आपल्या धंद्यात आपण रोज बघतो. फाइल 'सेव्ह' करायच्या चित्रात फ्लॉपी असते, आणि ती फ्लॉपी हातात न धरलेली पोरं तिच्यावर क्लिक करतात. तसंच हे.

पण गॅसची चावी आणि विजेची चावी यांत एक मोठा फरक आहे, आणि तो घातक आहे. गॅसची चावी हळूहळू फिरवली, तर ज्योत हळूहळू बारीक होते आणि विझते. एकदम सभ्य कारभार. विजेच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून हळूहळू दूर केल्या, तर काय होतं? त्या सुटतात त्या क्षणी मधल्या शेवटच्या बिंदूवर सगळा प्रवाह एकवटतो, तिथला धातू तापून वितळतो, आणि मधल्या हवेतूनच वीज वाहायला लागते. यालाच आर्क म्हणतात. वेल्डिंगवाल्याकडे जी डोळे दिपवणारी निळी-पांढरी ज्योत दिसते, ती हीच, फक्त मोठी. म्हणजे तुम्ही निघालात दिवा मालवायला, आणि बटणाच्या पोटात दुसराच दिवा पेटवून बसलात! तो हजारो अंश तापमानाचा. पट्ट्या जळणार, खाली लाकडी पाटी असेल तर तीही धुमसणार.

हा प्रॉब्लेम तेव्हा इतका मोठा का होता, तर तेव्हाची वीज डीसी होती म्हणून. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ ला सुरू झालं. सुरुवातीला चारशेच्या आसपास दिवे, ११० व्होल्ट, सगळं डीसी. डीसी म्हणजे एकाच दिशेनं, न थांबता वाहणारा प्रवाह. त्याचा आर्क एकदा पेटला, की त्याला विझायला कारण मिळत नाही. अंतर पुरेसं वाढेपर्यंत तो तग धरतो. आणि अंतर किती वेगानं वाढणार, हे ठरवणार कोण? तर बटण फिरवणाऱ्याचा हात. एखाद्यानं फटकन फिरवलं तर ठीक. एखादा विचार करत, बोलत बोलत, अर्ध्यावर थांबला तर आर्क मध्येच जळत राहणार. थोडक्यात, घराची सुरक्षितता माणसाच्या मूडवर अवलंबून!

यावर उपाय निघाला तो पुन्हा न्यूकॅसलमध्येच. जॉन हेन्री होम्स हे तिथले इंजिनिअर. १८८४ साली त्यांनी जो खटका बनवला, त्याला 'क्विक ब्रेक' म्हणजे झटक्यात तोडणारा खटका म्हणतात. कल्पना इतकी साधी आहे, की आपल्याला आधी का सुचली नाही असं वाटावं. (दीडशे वर्षं उशिरा जन्मलो, हे कारण पुरेसं आहे.) त्यांनी हात आणि पट्ट्या यांच्यामध्ये एक स्प्रिंग घातली. तुम्ही दांडी ढकलायला लागलात, की आधी फक्त स्प्रिंग ताणली जाते. पट्ट्या जागच्या हलत नाहीत. दांडी एका ठरावीक बिंदूच्या पलीकडे गेली, की स्प्रिंग स्वतःच्या जोरावर पट्ट्यांना फाडकन वेगळं करते. टक्! तुमचा हात हळू असो की जलद, कापरा असो की ठाम, पट्ट्या सुटायचा वेग नेहमी तोच. आर्कला बाळसं धरायला वेळच नाही मिळत.

घरातल्या बटणाचा 'टक्' हा आवाज म्हणून माझ्या लेखी फार मोठा आवाज आहे. आपल्याला वाटतं की तो बटण दाबल्याचा आवाज. खरं तर तो स्प्रिंगनं निर्णय आपल्या हातातून काढून घेतल्याचा आवाज आहे. पुढच्या वेळी बटण अगदी सावकाश, बोटानं रेटत दाबून बघा. एका जागेपर्यंत काहीच होत नाही, आणि मग ते तुमची वाट न बघता उडी मारतं. ती उडी म्हणजे होम्स.

मग आली एसी. टेस्ला, वेस्टिंगहाउस आणि एडिसन यांच्या भांडणाची गोष्ट आता सिनेमांतूनही येऊन गेली, त्यामुळे ती परत सांगत नाही. डीसी का हरली, एवढंच सांगतो. वायर म्हटली की अडथळा आला, आणि त्यात थोडे व्होल्ट वाटेतच गळतात. प्रवाह जितका जास्त तितकी गळती जास्त. ११० व्होल्टनं वीज मैलभराच्या पलीकडे न्यायची, तर तांब्याच्या इतक्या जाड तारा लागायच्या की दिवाळं निघावं. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरनं हवा तसा चढवता-उतरवता येतो. दाब चढवला की तितक्याच कामाला प्रवाह कमी लागतो, आणि वीज लांब जाते. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबईत वाडी बंदरला १९०५ मध्ये वीजकेंद्र सुरू झालं, १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावल्या. पण खरी उडी १९१५ ची. घाटावर अडवलेल्या पावसाच्या पाण्यावर खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, आणि १०० किलोव्होल्ट दाबानं वीज सत्तरएक किलोमीटरवरच्या मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली. कुठे मैलभर, आणि कुठे बोरघाटाच्या पायथ्यापासून परळ!

एसीनं बटणांवरही एक उपकार केला, तो फारसा कोणी सांगत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात प्रवाह दोनदा शून्यावर येतो. सेकंदाला शंभर वेळा! बटणात आर्क पेटलाच, तर जास्तीत जास्त एक शतांश सेकंदात प्रवाह आपणहून शून्य होतो आणि आर्क गुदमरतो. डीसीच्या आर्कला मारावं लागतं, एसीचा आपोआप मरतो. म्हणूनच हल्लीची मॉड्युलर बटणं इतकी नाजूक असूनही चालतात. त्यांच्या पाठीवर ६ अँपिअर, २४० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं आणि पुढे एसीची नागमोडी खूण असते. ती खूण शोभेची नाही. तेच बटण तितक्याच व्होल्टच्या डीसीवर लावलं, तर ते फार दिवस टिकायचं नाही.

डीसी हरली म्हणजे गेली, असं मात्र नव्हतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची लोकल धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हाच्या डीसी मोटरी रेल्वेच्या कामाला फार सोयीच्या होत्या. आपल्यातले कित्येकजण याच डीसीवर लटकून कॉलेजला गेले. पुढे २५ किलोव्होल्ट एसीचं काम टप्प्याटप्प्यानं झालं. पश्चिम रेल्वेवर ते २०१२ मध्ये पुरं झालं, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरून शेवटची डीसी लोकल धावली. गमतीचा भाग म्हणजे न्यूयॉर्कमध्ये, एडिसनच्या स्वतःच्या गावात, शेवटच्या गिऱ्हाइकाची डीसी वीज १४ नोव्हेंबर २००७ ला तोडली, तेव्हा पर्ल स्ट्रीट सुरू होऊन सव्वाशे वर्षं झाली होती. म्हणजे मुंबईची डीसी न्यूयॉर्कपेक्षा साडेआठ वर्षं जास्त जगली :-)

आणि आपण तिला निरोप देत होतो तेव्हाच ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरत होती.

एलईडी ही चीज मुळातच डीसीची. तिच्यातून वीज एकाच दिशेनं वाहते. अर्धवाहकातून प्रकाश पडतो हे हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच पाहिलं होतं. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली केला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळा हवा होता, आणि तो अडला तो तीस वर्षं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपान्यांनी १९९० च्या दशकात तो साधला, त्याबद्दल त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पुढे २०१५ मध्ये आपल्याकडे उजाला योजना आली. २०१४ साली सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला, आणि घरोघरी पोचला. साध्या होल्डरमध्ये बसणाऱ्या बल्बच्या बुडातसुद्धा एसीची डीसी करणारं छोटं सर्किट असतं. आमच्या ओट्यावरच्या पट्टीचं तेच सर्किट बाहेर, अ‍ॅडॅप्टरच्या डबीत असतं, एवढाच फरक.

आता परत बटणाकडे. अ‍ॅडॅप्टरच्या अलीकडे २३० व्होल्ट एसी आहे, पलीकडे १२ व्होल्ट डीसी. बटण कुठल्या बाजूला लावायचं?

आमच्या इलेक्ट्रिशियन काकांचं मत अलीकडे. चिमणीच्या बोर्डावर एक जादा बटण टाकायचं, काम खलास. याचा फायदा म्हणजे बंद केलं की अ‍ॅडॅप्टरही बंद. पण तो बोर्ड शेगडीच्या मागे. फोडणी चालू असताना ज्वाळेवरून हात न्यायचा, तोही ओला, आणि तोही २३० व्होल्टकडे. आईनं मानच हलवली.

माझं मत पलीकडे. कपाटाच्या खालच्या कडेला, डाव्या हाताशी, १२ व्होल्टच्या वायरीत एक छोटं रॉकर बटण. यावर काकांची शंका रास्त होती : "डीसी आहे ना साहेब? ठिणगी धरेल." होम्सचीच शंका! पण इथे एक छान भौतिक नियम मदतीला येतो. आर्क जिवंत राहायला किमान काही दाब लागतो. बटणात वापरतात त्या चांदी किंवा तांब्यासारख्या धातूंसाठी तो साधारण १२-१३ व्होल्ट आहे. त्याच्या खाली सुटताना एखादी ठिणगी उडेल, पण आर्क टिकून राहायला जोरच पुरत नाही. एडिसनच्या ११० व्होल्टला जे दुखणं होतं, ते बाराला जवळजवळ नाही. राहिला शॉकचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय मानकं ५० व्होल्ट एसी किंवा १२० व्होल्ट डीसीच्या खालच्या दाबाला 'एक्स्ट्रा लो व्होल्टेज' म्हणतात. १२ त्याच्याही खूप खाली. ओल्या बोटांचं भय मिटलं.

फक्त एक अट, आणि ही वाचणाऱ्यांनी खरंच लक्षात ठेवा. अ‍ॅडॅप्टर 'आयसोलेटेड' हवा. म्हणजे त्याच्या आत २३० ची बाजू आणि १२ ची बाजू यांचा तारेनं थेट संबंध नको, मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. काही स्वस्त एलईडी ड्रायव्हरमध्ये ही फारकत नसते. त्यांच्या पलीकडच्या वायरींमध्ये आपसात दाब कमी असतो, पण जमिनीच्या मानानं त्या २३० शी जोडलेल्याच असतात. तिथे हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं. तेव्हा आयएसआय किंवा बीआयएसची नोंदणी खूण बघून घ्या, आणि अ‍ॅडॅप्टर कपाटाच्या आत, वर, पाण्यापासून लांब ठेवा.

आर्कचं भय मिटलं तरी एडिसन पाठ सोडत नाही. त्याचं दुसरं दुखणं, तारेतली गळती, ते मात्र १२ व्होल्टवर व्याजासकट परत येतं. हिशोब बघा. आमची पट्टी मीटरला १४.४ वॉटची. दोन मीटरचे २८.८ वॉट. २३० व्होल्टवर याला सव्वाशे मिलिअँपिअर पुरले असते. १२ व्होल्टवर लागतात २.४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ वीसपट. आता समजा अ‍ॅडॅप्टर पाच मीटर लांब ठेवला, आणि मध्ये अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर टाकली. जाऊन-येऊन दहा मीटर, अडथळा साधारण ०.३६ ओहम. वाटेतच पाऊण व्होल्टच्या आसपास गळणार. तुम्ही म्हणाल, बारातला पाऊण गेला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं : पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत असतात, त्यांनाच नऊएक व्होल्ट लागतात. उरलेले तीन व्होल्ट त्यांच्या सोबतच्या रेझिस्टरवर पडतात, आणि त्या तिनावर प्रवाह ठरतो. म्हणजे पाऊण व्होल्ट गेला तो बारातला नव्हे, तीनातला. जवळजवळ पाव भाग प्रकाश वाटेत हरवला! एडिसनला मैलावर भेटलेला प्रॉब्लेम आपल्याला पाच मीटरवर भेटतो.

म्हणून आमचा अ‍ॅडॅप्टर पट्टीच्या डोक्यावरच, कपाटाच्या वरच्या खणात बसवला. तिथून खाली हातभर जाड वायर, मध्ये बटण, आणि लगेच पट्टी. अ‍ॅडॅप्टरला स्वतःचं २३० चं बटण आहेच, गावाला जाताना ते बंद करायचं. एरवी तो चालू राहतो. बिनकामाचा खर्च ०.३ वॉट धरला, तर वर्षाला अडीच-पावणेतीन युनिट. तेवढं चालेल.

बटणावर उभी रेघ आणि गोल अशा दोन खुणा होत्या. आईनं विचारलं, "हे काय रे?" म्हटलं, "एक आणि शून्य. एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद." तर म्हणाली, "म्हणजे तुझ्या ऑफिसातलंच!" आता काय बोलणार, खरंच आहे. १९३७ साली एमआयटीत शिकणाऱ्या क्लॉड शॅनननं आपल्या प्रबंधात दाखवलं, की बटणांच्या जोडण्या आणि बूलचं तर्कशास्त्र एकच. आपल्या सगळ्यांच्या पगाराचा पाया तिथे आहे. आणि बटणं तर कुठे कुठे लपलीयत! त्या अ‍ॅडॅप्टरच्या पोटात एक ट्रान्झिस्टर सेकंदाला पन्नास-साठ हजार वेळा चालू-बंद होत असतो. पट्टीला डिमर लावलात, तर तो बहुतेक वेळा प्रकाश मंद करतच नाही. तो फक्त डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगानं दिवा लावत आणि मालवत राहतो. जितका वेळ जास्त मालवलेला, तितका आपल्याला मंद दिसतो.

मात्र मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो होम्सच. डेटाबेस शिकताना आपल्याला पहिल्याच आठवड्यात घोकवतात, की व्यवहार एकतर पूर्ण झाला पाहिजे, नाहीतर झालाच नाही असं पाहिजे. एका खात्यातून पैसे निघाले आणि दुसऱ्यात पोचले नाहीत, अशी मधली अवस्था कोणाला दिसता कामा नये. चालू अवस्था सुरक्षित असते, बंद अवस्था सुरक्षित असते. जळतं ते मध्ये. १८८४ मध्ये होम्सनी नेमकी हीच गोष्ट पितळ आणि स्प्रिंग घेऊन केली. त्यांनी मधली अवस्था जवळजवळ नाहीशी केली. माणूस कचरेल, अर्ध्यावर थांबेल, त्याचा हात कापेल, हे त्यांनी गृहीत धरलं. 'नीट वापरा' अशी पाटी लावली नाही. माणूस आहे तसा ठेवला आणि यंत्र बदललं.

सत्तरीच्या माणसाचा हात बटणावर किंचित रेंगाळतो. परवा आई कोथिंबीर निवडत होती, तेव्हा मी बघत होतो. तिचं बोट बटणावर टेकलं, कुकरची शिट्टी झाली, ती तिकडे बघायला लागली, बोट तसंच अर्धवट रेटलेलं. आणि मग टक्! फळीवर उजेड पडला. त्या फळीवर आता तिची सावली पडत नाही.